आजार आधीपासूनच होता, मग कामावरच्या दुखापतीची भरपाई मिळते का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत जाऊन बसला. चर्चा झाली ती पगाराच्या नव्या व्याख्येची आणि ग्रॅच्युइटीची. घर ते कामाची जागा या प्रवासातल्या अपघाताचा आता संहितेत थेट उल्लेख आहे, त्याचेही मेसेज फिरले. पण दावे ज्या एका वाक्यावर वर्षानुवर्षं अडत आले आहेत, ते वाक्य कुठेही गेलेलं नाही: ‘हे दुखणं त्याला आधीपासूनच होतं.’

गोदामात पोतं उचलताना कमरेत कळ येते, एमआरआयमध्ये मणक्याची जुनी झीज दिसते आणि विमा कंपनी फाइल मिटते. ड्रायव्हरला स्टिअरिंगवर छातीत दुखायला लागतं, घरच्यांकडे रक्तदाबाच्या गोळ्या सापडतात आणि मालक हात झटकतो. दोन्ही ठिकाणी नकाराचं कारण एकच, आणि नुसतं तेवढं कारण कायद्याला पुरत नाही. आधीचा आजार दाव्याला अडचणीचा असतो हे खरं. पण त्याने दावा संपत नाही. काही वेळा तर तो नीट मांडला तर दाव्याला मदतच होते.

कायदा नेमकं काय विचारतो?

भरपाईची अट जुन्या कायद्यातही होती तीच आहे: अपघात नोकरीमुळे झालेला हवा आणि नोकरीच्या ओघात झालेला हवा. दोन्ही गोष्टी लागतात. ‘नोकरीच्या ओघात’ म्हणजे वेळ आणि जागा. शिफ्ट चालू होती का, माणूस कामाच्या ठिकाणी किंवा कामासाठी बाहेर होता का? हे हजेरीपटावरून कळतं. ‘नोकरीमुळे’ म्हणजे कारण. जे झालं त्यात कामाचा हात होता का? आधीच्या आजाराची सगळी भांडणं इथे होतात.

कामगार कामाला लागला तेव्हा ठणठणीत असायला हवा, अशी अट या कलमात नाही. तडा गेलेला माठ कोपऱ्यात बसल्या बसल्या पाझरून रिकामा झाला तर कुणाला बोल लावता येत नाही. पण जाता-येता कुणाचा धक्का लागून तो फुटला, तर ‘तडा होताच की’ म्हणून धक्का देणारा सुटत नाही. आधीच्या आजाराच्या दाव्यात धक्का होता का, आणि तो कामाचा होता का, एवढंच शोधायचं असतं.

आपला १९२३ चा कायदा इंग्लंडच्या कायद्यावर बेतलेला, त्यामुळे तिथला १९१० चा एक निकाल आजही कामाला येतो. एक कामगार पान्याने नट आवळत होता. काम रोजचंच, जोरही रोजच्याइतकाच. त्याच्या महाधमनीला मोठा फुगा आलेला होता, इतका पुढे गेलेला की झोपेतही फुटू शकला असता. तो नट आवळताना फुटला आणि माणूस गेला. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, त्याला अपघात ठरवलं. शरीर किती कमकुवत होतं याने फरक पडला नाही. त्या क्षणी ते फुटलं ते कामाच्या जोराने, हे पुरलं.

आपल्याकडे याच विषयावर सर्वात जास्त आधार घेतला जातो तो मुंबई उच्च न्यायालयाच्या १९५० च्या दशकातल्या एका निकालाचा. प्रकरण मुंबई पोर्ट ट्रस्टच्या हृदयविकार असलेल्या पहारेकऱ्याचं, निकाल मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा. आजार आपल्या गतीने वाढत गेला आणि माणूस त्यानेच गेला, तर मालक जबाबदार नाही. नोकरीतल्या नेहमीच्या झिजेने गेला, तरीही नाही. पण कामाने मृत्यूला हातभार लावला, तो लवकर ओढवून आणला, किंवा आजार आणि काम दोन्ही मिळून मृत्यू झाला, तर मालक जबाबदार. काम हे एकमेव कारण असायला हवं असं कुणी म्हटलेलं नाही. ते एक कारण असलं तरी चालतं.

हार्ट अटॅक म्हणजे अपघात कसा?

अपघात म्हटलं की गाडी धडकली, छत कोसळलं, मशीनमध्ये हात गेला असंच डोळ्यांपुढे येतं. या कायद्यात अपघात म्हणजे अपेक्षित नसलेली, ठरवून न केलेली वाईट घटना. ती शरीराच्या आतही घडू शकते. शीर फुटणं, मणक्यातली चकती सरकणं, हृदयाचा झटका हे सगळं त्यात बसतं. बाहेरून मार लागल्याची खूण नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही.

एक वेगळी वाट व्यावसायिक रोगांची आहे. सिलिकोसिस, मोठ्या आवाजाने आलेला बहिरेपणा अशा रोगांची कायद्याला जोडलेली यादी आहे. तिथे एखादा ठरावीक अपघात दाखवावा लागत नाही. या लेखातला विषय तो नाही.

मग कामावर असताना मृत्यू आला की भरपाई ठरलेली?

नाही. कामगाराच्या बाजूचे लोक इथेच फसतात.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. २००६ च्या प्रकरणात कामगाराचं काम बटणं चालू-बंद करण्याचं होतं. तो कामाच्या जागीच हृदयविकाराने गेला, छातीच्या आजारावर आधी उपचारही झाले होते. कोर्टाने विचारलं, या कामात ताण कुठे होता? उत्तर नव्हतं, दावा गेला. डिसेंबर २०१२ च्या प्रकरणात ट्रक ड्रायव्हर दिल्लीहून झारखंडमधल्या निमियाघाटला निघाला होता, अंतर ११५२ किलोमीटर. पोहोचत आला असताना अस्वस्थ वाटायला लागलं, त्याने गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि तिथेच कोसळला. उच्च न्यायालयाने दावा नाकारला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. इतक्या लांबच्या ड्रायव्हिंगचा ताण मृत्यूला कारण झाला, असं मानायला जागा आहे, असं कोर्टाचं म्हणणं.

फरक आजारात नव्हता, कामाच्या वर्णनात होता. आणखी एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सिद्ध करण्याचं ओझं दावा करणाऱ्यावर टाकलं, पण ते किती हेही सांगितलं. कामाने हातभार लावला असण्याची शक्यता जास्त आहे, असं समंजस माणसाला पटलं की पुरे. फौजदारी खटल्यासारखं ‘संशयापलीकडे’ काही दाखवायचं नसतं. मृत्यू कामाच्या ऐन क्षणीच यायला हवा, असंही नाही. शिफ्ट संपवून घरी गेल्यावर आला तरी दावा बसू शकतो, दुवा दाखवता आला तर. त्या प्रकरणात मात्र तो दुवा दाखवणारा पुरावाच नव्हता, म्हणून दावा टिकला नाही. मृत्यू वाहनात, ड्युटीवर झाला एवढंच सांगून भागलं नाही.

त्या दिवसाचं काम कागदावर कसं आणायचं?

‘कामाचा फार ताण होता’ हे वाक्य जवळपास निरुपयोगी आहे. ताणाला आकडे लागतात. किती किलोचं पोतं, किती पोती, किती वाजेपासून, किती मजले चढून, सलग कितवी रात्रपाळी, भट्टीपासून किती अंतरावर, जेवणाची सुट्टी मिळाली का. ड्रायव्हर असेल तर ट्रिपशीट, फास्टॅगच्या टोलनोंदी आणि जीपीएसचा रेकॉर्ड यांतून गाडी किती तास थांबली नव्हती हे निघतं. कारखान्यात हजेरीपट, ओव्हरटाइमचं रजिस्टर, गेटपास. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवा असं पत्र मालकाला पहिल्याच आठवड्यात द्यायचं आणि पोच घ्यायची. सोबतच्या कामगारांचे जबाब लवकर घ्यावेत. सहा महिन्यांनी त्यांनाही पोतं किती किलोचं होतं ते आठवत नाही, आणि नोकरी टिकवायची असते हे वेगळंच.

सगळ्यात महत्त्वाचा कागद बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: पहिल्या दवाखान्यातला केसपेपर. डॉक्टर ‘काय झालं?’ विचारतात, माणूस कळवळत ‘कंबर दुखते’ म्हणतो, आणि केसपेपरवर ‘कंबरदुखी, दोन वर्षांपासून’ एवढंच उतरतं. दोन वर्षांपासून अधूनमधून दुखत होतं हे खरंच असतं. पण सकाळी साडेदहाला ५० किलोचं पोतं उचलताना कळ आली आणि तेव्हापासून पाय बधिर आहे, हे सांगायचं राहून जातं. पुढे उलटतपासणीत तोच कागद समोर येतो. म्हणून पहिल्या तपासणीत दोन्ही सांगायचं: आधी काय होतं, आणि आज कशाने काय झालं. लिहून घेतलं का, तेही बघायचं.

मृत्यूच्या प्रकरणात शवविच्छेदन टाळलं तर पुढचं सगळं अवघड होतं. घरच्यांना त्या वेळी ते नको असतं, समजण्यासारखं आहे. पण मृत्यूचं कारणच नोंदलं गेलं नाही तर कामाशी दुवा जोडायचा कशाशी?

डॉक्टरांच्या दाखल्यात काय हवं?

‘रुग्णास काम झेपणार नाही’ या एका ओळीने दावा उभा राहत नाही. दाखल्यातून तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: घटनेआधीची अवस्था, घटनेनंतर झालेला बदल, आणि त्या बदलात कामाचा वाटा का वाटतो याचं वैद्यकीय कारण.

मणक्याचं उदाहरण घ्या. चाळिशी उलटलेल्या, कधीही न दुखलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही झीज दिसते. त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘झीज’ असणं हे नवी इजा नसल्याचा पुरावा नाही. आधी माणूस रोज पूर्ण शिफ्ट करत होता, पायात बधिरपणा नव्हता, औषधं क्वचित लागायची. घटनेनंतर पायाची ताकद कमी झाली, चकती नसेवर दाबते आहे, पाय उचलता येत नाही. हा आधी-नंतरचा फरक डॉक्टरांनी लिहायला हवा. जुना एमआरआय असेल तर तो लपवू नका, तोच सोबत लावा. जुन्या फिल्ममध्ये चकती जागेवर आणि नव्या फिल्ममध्ये सरकलेली, यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. आणि दाखला देणारे डॉक्टर साक्षीला येतील का, हे आधीच विचारून घ्यावं. विरुद्ध बाजूला प्रश्न विचारता आले नाहीत, तर दाखल्याचं वजन घटतं.

दुखणं तात्पुरतं भडकलं की कायमचं वाढलं, हेही दाखल्यातून कळावं. तीन महिन्यांत माणूस पूर्वीच्या अवस्थेला आला, तर ते तात्पुरतं अपंगत्व: दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के. पूर्वीच्या अवस्थेला परत आलाच नाही, तर कायमच्या अपंगत्वाचा हिशेब होतो आणि रक्कम कितीतरी वाढते.

‘त्याने नोकरीला लागताना आजार लपवला होता’

मालकाच्या बाजूने हमखास येणारा मुद्दा. भरपाईच्या कलमात मालक सुटतो त्या गोष्टी मोजून दिल्या आहेत: दारू किंवा नशेचा अंमल, सुरक्षेसाठी दिलेल्या स्पष्ट आदेशाचं मुद्दाम केलेलं उल्लंघन, आणि सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकणं. यात ‘आजार लपवणं’ नाही. शिवाय या तीन गोष्टीही मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल तर लागू होत नाहीत. (मालकांना हे पटत नाही, पण कलमात तसंच लिहिलं आहे.) अपंगत्व तीन दिवसांच्या आत संपलं, तर मात्र काहीच देय नसतं.

तरीही लपवाछपवी महागात पडते, ती साक्षीत. ‘मला कधीच काही नव्हतं’ असं शपथेवर सांगायचं आणि नंतर चार वर्षांपूर्वीची औषधाची चिठ्ठी समोर यायची, मग खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. कायदा आधीच्या आजाराला शिक्षा करत नाही, मग तो नाकारायचा कशाला?

एक गोष्ट मात्र कामगाराच्या विरुद्ध जाऊ शकते. दुखापतीनंतर उपचार घेतले नाहीत किंवा डॉक्टरांचं मुद्दाम ऐकलं नाही, आणि त्यामुळे दुखणं बळावलं, तर कायदा ती वाढ मोजत नाही. नीट उपचार घेतले असते तर जेवढं राहिलं असतं, तेवढंच धरलं जातं. मालकाने स्वखर्चाने तपासणी देऊ केली तर ती नाकारणंही धोक्याचं, कारण तोवर हक्क थांबतो.

आधीच्या आजाराचा हिस्सा रकमेतून कापतात का?

मृत्यू असेल तर नाही. कामाचा हातभार सिद्ध झाला की पूर्ण रक्कम, नाही झाला तर शून्य. ‘साठ टक्के आजार, चाळीस टक्के काम’ असा सौदा इथे नाही.

हिशेब असा: मृत्यूसाठी मासिक वेतनाचे ५० टक्के गुणिले वयाचा गुणांक, म्हणजे वयानुसार कायद्यात दिलेला आकडा; कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी ६० टक्के गुणिले तोच गुणांक. जुन्या कायद्याखाली ३ जानेवारी २०२० पासून मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरलं जातं, पगार कितीही असो. ४५ वर्षांचा गुणांक १६९.४४. म्हणजे ४५ वर्षांच्या, महिना २२,००० मिळवणाऱ्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई ७,५०० × १६९.४४ = १२,७०,८०० रुपये. संपूर्ण अपंगत्वासाठी १५,२४,९६०. पगार २२,००० असताना हिशेब १५,००० वर होणं अन्यायाचं वाटतं, आणि आहेही. संहितेतही ५० आणि ६० टक्क्यांचं सूत्र तेच राहिलं आहे. संहिता लागू होण्याआधीच्या अपघातांना जुना कायदा लागू.

कायमच्या अंशतः अपंगत्वात मात्र आधीची अवस्था मोजली जाते. कोणत्या दुखापतीला किती टक्के धरायचे याचं परिशिष्ट कायद्याला जोडलेलं आहे. त्यात नसलेल्या दुखापतीसाठी ‘त्या दुखापतीमुळे’ कमाईची क्षमता किती टक्के गेली, ते डॉक्टर ठरवतात. वरच्याच कामगाराची क्षमता ३० टक्के गेली असेल तर ४,५७,४८८ रुपये. गुडघा आधीच अधू असेल, तर आज एकूण किती अधू आहे हे बघत नाहीत, या घटनेने किती भर पडली ते बघतात. म्हणूनच आधी-नंतरच्या नोंदी लागतात.

पण हा हिशेब उलटाही फिरतो. परिशिष्टात एक डोळा गमावल्यास ४० टक्के धरलेत, तेही ‘दुसरा डोळा चांगला असताना’. ज्याचा एक डोळा आधीच गेलेला आहे त्याचा उरलेला डोळा कामावर गेला, तर तो आंधळा झाला. ज्या कामांना दृष्टी लागते ती सगळी कामं बंद, आणि त्याला १०० टक्के आहेत. आधीच्या व्यंगाने इथे भरपाई वाढते.

टक्के शरीराचे नसून कमाईच्या क्षमतेचे असतात, हेही ध्यानात ठेवावं. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या सुताराला शंभर टक्के अपंग मानलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. मूळ आजारामुळे हलकी कामंही बंद असतील, तर हाच युक्तिवाद लागू होतो.

याखेरीज दुखापतीच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा असतो. बिलं जपून ठेवा.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर?

वाट बदलते. ईएसआयचा विमाधारक मालकाकडे या कायद्याखाली दावा करू शकत नाही. लाभ ईएसआय महामंडळाकडून मिळतात. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार या योजनेत येतात. आधीचा आजार असलेल्यांसाठी तिथे एक मोठी सोय आहे: अपघात नोकरीच्या ओघात झाला हे दाखवलं, की विरुद्ध पुरावा येईपर्यंत तो नोकरीमुळेच झाला असं गृहीत धरतात. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो आणि त्यासाठी ठरावीक महिने वर्गणी भरलेली असावी लागत नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी चालतं. मालकाने अपघाताचा अहवाल पाठवला का, एवढं मात्र मागे लागून बघावं.

मुदत, व्याज आणि स्टॅम्पपेपर

घटनेची लेखी सूचना मालकाला शक्य तितक्या लवकर, दावा दोन वर्षांच्या आत. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबू नये. ठेकेदाराचा कामगार मुख्य मालकाकडेही मागू शकतो. त्या दोघांचा हिशेब ते आपसांत बघतील.

रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं. वरच्या उदाहरणात ते महिन्याला १२,७०८ रुपये. विनाकारण अडवलं तर ५० टक्क्यांपर्यंत दंड वेगळा, आणि तो मालकाच्या खिशातून जातो, विमा कंपनीच्या नाही. ‘आधीचा आजार’ म्हणून फाइल दाबून बसणाऱ्या मालकाला हे दोन आकडे लिहून पाठवावेत.

मृत्यूची भरपाई परस्पर वारसांच्या हातात देता येत नाही, ती भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे जमा करावी लागते. संहितेत या जागी सक्षम प्राधिकारी आला आहे. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ रक्कम मालक थेट देऊ शकतो, बस्स. अनेकदा दहाव्या-बाराव्याच्या गडबडीत पन्नास हजार रोख देऊन ‘मृत्यू जुन्या आजाराने झाला, आता काही मागणी नाही’ असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातल असतो. तडजोड करायचीच असेल तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते. रक्कम अपुरी वाटली किंवा दबाव दिसला तर ते नोंद नाकारू शकतात. घरात बसून केलेल्या सहीने दाव्याची मुदत संपत नाही, दोन वर्षं चालूच राहतात. त्या कागदाची एक प्रत मात्र मागून घ्यावी, कारण मालकाने पैसे देऊ केले होते याचा लेखी पुरावा तोच.